व्हर्च्युअल मशीनमध्ये टीएससीवर घड्याळ म्हणून विसंबावं का?

लोलक (धागाकर्ता)

नमस्कार मंडळी. टीएससी म्हणजे प्रोसेसरमधला 'टाइम स्टॅम्प काउंटर'. माहिती आधी देतो, मग प्रश्न.

होस्ट (खालचं खरं यंत्र) लिनक्सचा, केव्हीएम (लिनक्समधलं हायपरवायझर, म्हणजे व्हीएम चालवणारं सॉफ्टवेअर), दोन सॉकेटचा इंटेल सर्व्हर, २.५ गिगाहर्ट्झ. त्यावर ८ व्हीसीपीयूचं (आभासी प्रोसेसरांचं) लिनक्स गेस्ट, म्हणजे व्हीएम, आत पोस्टग्रेस डेटाबेस. एक क्वेरी एरवी दीड सेकंदात येते. तिलाच एक्स्प्लेन ॲनलाइझ (क्वेरीच्या प्रत्येक टप्प्याचा वेळ मोजणारी आज्ञा) लावलं की अर्ध्या मिनिटाच्या वर जाते. गेस्टमध्ये पीजी_टेस्ट_टायमिंग चालवलं तर घड्याळ एकदा वाचायला ५ मायक्रोसेकंद लागतात असं दिसतं.

डीमेसेजमध्ये (कर्नलच्या नोंदींत) कर्नल म्हणतो की टीएससी 'अनस्टेबल' आहे, कारण 'स्क्यू' (तफावत) फार मोठा. करंट_क्लॉकसोर्स (कर्नल सध्या वापरत असलेलं घड्याळ) या फाइलमध्ये एचपीईटी. अव्हेलेबल_क्लॉकसोर्समध्ये दोनच नावं: एचपीईटी आणि एसीपीआय_पीएम, दोन्ही प्रोसेसरबाहेरचे टायमर.

जिथे विचारावं तिथे सल्ला एकच, 'कर्नलला टीएससी=रिलायबल द्या आणि मोकळे व्हा'. दिल्यावर वेग येतो हे खरं. पण हे व्हीएम लाइव्ह मायग्रेशनने (चालू असतानाच) दुसऱ्या होस्टवरही जातं आणि आत डेटाबेस आहे. तेव्हा टीएससीवर कधी विसंबावं, कधी नाही, आणि ते तपासायचं कसं?

---

काटा

आधी त्या अर्ध्या मिनिटाचा हिशेब, कारण तो सरळ आहे. एक्स्प्लेन ॲनलाइझ प्रत्येक नोडवर प्रत्येक ओळीमागे घड्याळ दोनदा वाचतं. १० लाख ओळी, ३ नोड धरले तर ६० लाख वाचनं. ५ मायक्रोसेकंदांनी ३० सेकंद झाले. हेच वाचन टीएससीवरून व्हीडीएसओमार्फत (कर्नलमध्ये न शिरता वेळ वाचायची सोय) झालं तर एकाला २०-३० नॅनोसेकंद, म्हणजे सगळे मिळून पाव सेकंदसुद्धा नाही.

एचपीईटी एवढं महाग का? एक तर ते व्हीडीएसओतून वाचता येत नाही, प्रत्येक वेळी सिस्टिम कॉल होतो. त्यावर गेस्टमध्ये एचपीईटी नावाचं यंत्रच नसतं, क्यूईएमयू (व्हीएमसाठी नकली यंत्रं उभी करणारा होस्टवरचा प्रोग्राम) त्याची नक्कल करतं. म्हणजे गेस्टमधून बाहेर, होस्टच्या कर्नलमधून क्यूईएमयूपर्यंत, आणि त्याच वाटेने परत. एसीपीआय_पीएमचीही तीच गत.

आता टीएससी. तो मुळात मोजणारा आहे, घड्याळ नव्हे. १९९३ च्या पेंटियमपासून प्रोसेसरमध्ये हा ६४ बिटांचा काउंटर आहे आणि आरडीटीएससी या सूचनेने वाचता येतो. ३ गिगाहर्ट्झने तो भरायला सुमारे १९५ वर्षं लागतील, त्यामुळे ती काळजी नको. त्याचं घड्याळ करायला चार गोष्टी लागतात: वेग कायम असणे, कोअर झोपला तरी न थांबणे, सगळ्या कोअरवर एकच आकडा असणे, आणि तो वेग नेमका किती हे ठाऊक असणे. पहिल्या दोन्हींची हमी म्हणजे 'इन्व्हेरियंट टीएससी'. सीपीयूआयडीच्या (प्रोसेसरची माहिती देणारी सूचना) हेक्स ८००००००७ या पानावर ईडीएक्सचा ८ वा बिट. लिनक्समध्ये सीपीयूइन्फोत कॉन्स्टंट_टीएससी आणि नॉनस्टॉप_टीएससी हे दोन शब्द शोधा. होस्टवर आणि गेस्टमध्ये, दोन्हीकडे.

---

रानजाई

माझं मत वेगळं आहे. टीएससीवर विसंबू नये हा धडा लोकांनी ठेच लागून घेतलाय. ॲथलॉन ६४ एक्स२ मध्ये दोन कोअरचे टीएससी एकमेकांपासून सरकायचे. प्रोग्राम एका कोअरवरून दुसऱ्यावर गेला की वेळ मागे! त्यासाठी एएमडीला विंडोजकरता वेगळं 'ड्युअल-कोअर ऑप्टिमायझर' द्यावं लागलं. वीज वाचवायला प्रोसेसरचा वेग उतरला की टीएससीचाही उतरायचा, तो त्रास निराळाच. व्हीएममध्ये तर खाली कोणता कोअर आहे हेही गेस्टला कळत नाही.

---

काटा

रानजाईताई, तेव्हाचं तुमचं म्हणणं शंभर टक्के खरं. पण इंटेलमध्ये नेहलेमपासून (२००८) टीएससी कोअरच्या चालू वेगाला बांधलेला नाही. टर्बो असो वा झोप, तो एकाच चालीने जातो. एएमडीचंही त्याच सुमारास तसं झालं. सॉकेटच्या आत सगळे कोअर रीसेटला एकत्र सुरू होतात. दोन सॉकेटमध्ये बोर्डाने रीसेट आणि क्लॉक एकत्र दिला असेल तर तेही जुळतात.

बिघाड उरतो तो बहुतेक फर्मवेअरमुळे. काही बायॉस एसएमएममध्ये (फर्मवेअरच्या खास मोडमध्ये) घालवलेला वेळ लपवायला टीएससीत लिहून ठेवतात. म्हणून टीएससी_ॲडजस्ट हा रजिस्टर आला (हेक्स ३बी). कोणी टीएससीत लिहिलं की तेवढा फरक तिथे उमटतो, लपत नाही. होस्टच्या डीमेसेजमध्ये 'फर्मवेअर बग' आणि 'टीएससी ॲडजस्ट' अशी ओळ असेल तर गेस्टकडे बघण्याआधी बायॉस अपडेट करा.

---

दुर्वा

व्हीएममध्ये कोअर बदलला तर काय, याचं उत्तर हार्डवेअरमध्येच आहे. गेस्टने आरडीटीएससी चालवली की प्रोसेसर स्वतःच हे गणित करून आकडा देतो:

गेस्टचा टीएससी = (होस्टचा टीएससी × गुणक) + ऑफसेट

इंटेलमध्ये गुणकाचे ४८ बिट अपूर्णांकाचे, एएमडीत ३२. हायपरवायझर मध्ये येत नाही, त्यामुळे वाचन नेटिव्ह वेगानेच होतं. होस्टचे सगळे कोअर जुळलेले असले आणि सगळ्या व्हीसीपीयूंना एकच ऑफसेट दिलेला असला की व्हीसीपीयू कुठल्या कोअरवर आहे याने काहीच बिघडत नाही.

दुसरा मार्ग म्हणजे आरडीटीएससी 'ट्रॅप' करणे. प्रत्येक वाचनाला गेस्टमधून बाहेर, हजार-दोन हजार सायकल जातात. आकडा बरोबर मिळतो, पण टीएससी ज्यासाठी हवा होता तो वेगच जातो.

ऑफसेट सगळ्या हायपरवायझरांकडे कधीपासून आहे. गुणक मात्र नंतर आला: एएमडीत बुलडोझरपासून, इंटेलच्या सर्व्हरमध्ये स्कायलेकपासून. त्याआधीच्या होस्टवर वेगवेगळ्या गिगाहर्ट्झच्या यंत्रांत मायग्रेशन करायचं तर टीएससी सोडूनच द्यावा.

---

शेवंती

वाचनखूण साठवली. एक बाळबोध प्रश्न: 'केव्हीएम-क्लॉक' नावाचं जे असतं ते टीएससीपेक्षा वेगळं घड्याळ आहे का?

---

दुर्वा

प्रश्न अजिबात बाळबोध नाही, निम्मा गोंधळ इथेच होतो. केव्हीएम-क्लॉकच्या खालीही टीएससीच असतो. फरक एवढाच की टीएससीचे नॅनोसेकंद कसे करायचे हे होस्ट गेस्टला कागदावर लिहून देतो. तो कागद म्हणजे दोघांना दिसणारा मेमरीचा छोटा तुकडा. त्यावर असतं: आवृत्ती, लिहिताना टीएससी किती होता, तेव्हा वेळ किती होती, गुणक, शिफ्ट आणि काही खुणा.

२.५ गिगाहर्ट्झवर हे असं चालतं. शिफ्ट उणे १, गुणक ३४३५९७३८३६ (म्हणजे ०.८ गुणिले २ चा ३२ वा घात, अपूर्णांक सोडून). गेस्टने टीएससी वाचला, लिहिलेला आकडा वजा केला, समजा फरक आला २,५०,००,०००. एकदा उजवीकडे शिफ्ट: १,२५,००,०००. गुणकाने गुणून ३२ बिट उजवीकडे: ९९,९९,९९९ नॅनोसेकंद. खरं उत्तर १ कोटी, म्हणजे १० मिलिसेकंद. गुणकाचा अपूर्णांक कापल्यामुळे एक नॅनोसेकंद गळाला. हा फरक साठत जाऊ नये म्हणून कागद अधूनमधून नव्याने लिहायचा. लिहिणं चालू असताना आवृत्ती विषम असते. वाचणाऱ्याला विषम दिसली, किंवा वाचायच्या आधीची आणि नंतरची आवृत्ती वेगळी निघाली, तर त्याने पुन्हा वाचायचं.

खुणांतला पहिला बिट सगळ्यात महत्त्वाचा, 'टीएससी स्टेबल'. तो असला तर गेस्ट व्हीडीएसओतून थेट वाचतो. नसला तर व्हीडीएसओ माघार घेतं, सिस्टिम कॉल होतो. वर वेळ मागे जाऊ नये म्हणून सगळ्या व्हीसीपीयूंना मिळून शेवटचा आकडा एकाच जागी अटॉमिक सूचनेने जपावा लागतो. ८ व्हीसीपीयू एका कॅश-लाइनवर तुटून पडतात.

आणि तो बिट केव्हीएम कधी लावतं? होस्टचा स्वतःचा क्लॉकसोर्स टीएससी असेल आणि सगळ्या व्हीसीपीयूंचे टीएससी जुळलेले असतील तेव्हाच. म्हणून गेस्टमध्ये डोकं घालण्याआधी होस्टचा करंट_क्लॉकसोर्स पाहा. तो एचपीईटीवर घसरला असेल तर त्याच्यावरचं प्रत्येक गेस्ट त्याची किंमत मोजतं.

---

औदुंबर

सुंदर प्रतिसाद, दुर्वाताई. अवांतर: घटिकापात्र आठवलं. पात्र एकदा बुडलं की एक घटिका, २४ मिनिटं. भोक किती मोठं हे करणाऱ्याला ठाऊक, बाकीच्यांनी फक्त बुडणं मोजायचं. इथे टीएससी म्हणजे बुडणं मोजणारा, आणि तो कागद म्हणजे भोकाचं माप.

---

रानजाई

समजलं. मग गेस्टच्या कर्नलने टीएससीला अनस्टेबल ठरवलं ते उगाच? त्याने काहीतरी पाहिलं असेल ना?

---

काटा

पाहिलं, पण साक्षीदार खोटा होता. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ते हेच.

कर्नलचा क्लॉकसोर्स वॉचडॉग दर अर्ध्या सेकंदाला टीएससी आणि एक संदर्भ-घड्याळ (एचपीईटी किंवा एसीपीआय_पीएम) दोन्ही वाचतो आणि मधला काळ ताडून बघतो. जुन्या कर्नलमध्ये ६२.५ मिलिसेकंदांपेक्षा जास्त तफावत आली की टीएससी बाद. नव्यांत मर्यादा बरीच कडक आहे.

प्रत्यक्ष यंत्रावर हे ठीक. गेस्टमध्ये पहिलं वाचन झालं आणि दुसऱ्याच्या आधी होस्टने व्हीसीपीयूच बाजूला काढला, तर मधे गेलेला वेळ टीएससीच्या नावावर जमा होतो. नवे कर्नल असा उशीर ओळखून पुन्हा वाचतात, पण होस्ट सतत तुंबलेला असेल तर तेही हात टेकतात.

दुसरी गंमत एसीपीआय_पीएमची. तो २४ बिटांचा, ३५,७९,५४५ हर्ट्झवर चालणारा. म्हणजे ४.६९ सेकंदांत पुन्हा शून्यावर. व्हीएम पाच सेकंद थांबलं तर संदर्भ-घड्याळाचा एक फेराच हरवतो आणि दोष टीएससीवर येतो.

तिसरं कारण कॅलिब्रेशन. टीएससीचा वेग कोणी सांगितला नाही तर गेस्ट सुरू होताना नकली पीआयटीच्या (जुना टायमर, ११,९३,१८२ हर्ट्झ) मदतीने मोजतो. नेमका तेव्हा व्हीसीपीयू थांबला तर वेग चुकीचा ठरतो आणि मग खरोखरच स्क्यू येतो.

लोलक, अनस्टेबल ठरल्यावर टीएससी अव्हेलेबल यादीतूनही गायब होतो. तेव्हा तुमच्या यादीत तो नाही याचं नवल नाही. पण यादीत केव्हीएम-क्लॉकही नाही! केव्हीएमच्या गेस्टमध्ये ते असायलाच हवं. व्हीएमच्या एक्सएमएलमधला (मांडणीच्या फाइलमधला) फीचर्सचा भाग आणि सीपीयूचा भाग इथे टाका.

---

पाणकोंबडा

टीएससी=रिलायबल लावून चालतंय तर एवढा खटाटोप कशाला?

---

दुर्वा

कारण तो शब्द काहीच दुरुस्त करत नाही, फक्त तपासनिसाला घरी पाठवतो. चालू असतानाचा वॉचडॉग बंद, आणि बूटच्या वेळी वेगवेगळ्या सीपीयूंचे टीएससी जुळतात का हे पाहणंही बंद. टीएससी खरंच नीट असेल तर फायदा. नसेल तर वेळ मागे गेलेली तुम्हाला लॉगमध्ये सापडेल, डीमेसेजमध्ये नाही.

फक्त वॉचडॉगचाच जाच असेल तर 'टीएससी=नोवॉचडॉग' आहे, त्यात बूटची तपासणी राहते. मला विचाराल तर दोन्हींच्या आधी हायपरवायझरकडून हमी मागावी. हमी मिळाली तर यांची गरजच पडत नाही.

---

लोलक

एक्सएमएलमधला भाग सांगतो. सीपीयू मोड होस्ट-मॉडेल. टोपोलॉजी ८ सॉकेट, प्रत्येकी १ कोअर. क्लॉक विभागात ऑफसेट यूटीसी, एचपीईटी प्रेझेंट यस. फीचर्समध्ये केव्हीएम, त्यात 'हिडन स्टेट ऑन'. हा साचा ग्राफिक्स कार्ड पासथ्रू करणाऱ्या दुसऱ्या व्हीएमवरून घेतलेला आहे.

---

काटा

सापडलं. 'हिडन स्टेट ऑन' म्हणजे गेस्टला आपण केव्हीएमवर आहोत हेच कळू द्यायचं नाही. काही ग्राफिक्स ड्रायव्हर व्हीएम दिसलं की चालत नसत, तेव्हाची ही युक्ती. डेटाबेसच्या गेस्टमध्ये ती नुसती घातक आहे. केव्हीएम लपलं म्हणजे केव्हीएम-क्लॉक लपलं, होस्टने सांगितलेला टीएससीचा वेगही लपला. मग गेस्टने पीआयटीवर वेग मोजला, एचपीईटीला साक्षीदार केलं, आणि पुढचं तुम्ही पाहिलंच.

हे बदला:

हिडन स्टेटची ओळ काढा.

क्लॉक विभागात एचपीईटी प्रेझेंट नो.

सीपीयू विभागात फीचर पॉलिसी रिक्वायर, नाव इनव्हटीएससी. हे मुद्दाम मागावं लागतं, कारण हा बिट दिला की मायग्रेशन अडतं म्हणून तो आपोआप मिळत नाही.

क्लॉक विभागात टायमर टीएससी, फ्रीक्वेन्सी हर्ट्झमध्ये, मोड नेटिव्ह. हा आकडा मनाने घालू नका. होस्टवर व्हर्श कॅपॅबिलिटीज चालवा, सीपीयूच्या भागात 'काउंटर टीएससी' अशी ओळ येते. तिथे फ्रीक्वेन्सी आणि स्केलिंग यस की नो, दोन्ही लिहिलेलं असतं.

टोपोलॉजी १ सॉकेट, ८ कोअर करा. नवे कर्नल इन्व्हेरियंट टीएससी आणि टीएससी_ॲडजस्ट दोन्ही दिसले आणि सॉकेट मोजकेच असले तर टीएससीवर वॉचडॉग लावतच नाहीत. ८ सॉकेट दाखवले की ही सवलत जाते.

मग व्हीएम पूर्ण बंद करून चालू करा. आतून रीबूट केलं तर क्यूईएमयू जुन्याच मांडणीने चालत राहतं.

---

शेवंती

यानंतर गेस्ट टीएससी निवडेल की केव्हीएम-क्लॉक?

---

काटा

टीएससी. प्रत्येक क्लॉकसोर्सला गुण असतात. टीएससीला ३००, एचपीईटीला २५०, एसीपीआय_पीएमला २००. केव्हीएम-क्लॉकला ४००. पण २०१९ पासूनच्या कर्नलमध्ये गेस्टला इन्व्हेरियंट टीएससी दिसला की केव्हीएम-क्लॉक स्वतःचे गुण २९९ करून घेतं, म्हणजे टीएससी एका गुणाने पुढे. वेग किती हे मात्र केव्हीएमकडूनच कळतं, त्यामुळे पीआयटीवर मोजण्याची वेळ येत नाही. इनव्हटीएससी दिलं नाही तर केव्हीएम-क्लॉक राहील. स्टेबल बिट असेल तर तेही व्हीडीएसओतूनच चालतं, थोडं हळू. तेवढ्यासाठी कोणी अडून बसू नये.

---

रानजाई

माझा आक्षेप मायग्रेशनपुरता अजून कायम आहे. २.५ च्या होस्टवरून ३.० च्या होस्टवर गेलं तर?

---

दुर्वा

तोच खरा कस आहे.

इनव्हटीएससी दिलं आणि फ्रीक्वेन्सी लिहिली नाही, तर क्यूईएमयू मायग्रेशन करूच देत नाही, इनव्हटीएससीचं नाव घेऊन थांबतं. हे योग्यच आहे: 'वेग कधी बदलणार नाही' असं गेस्टला सांगितलं आणि मग बदलला तर शब्द मोडला. फ्रीक्वेन्सी लिहिली की अट बदलते. समोरच्या होस्टला तोच वेग द्यावा लागतो. त्याच्याकडे स्केलिंग असेल तर गुणक २.५ भागिले ३.०, म्हणजे ०.८३३३ लावला जातो आणि गेस्टला फरक जाणवत नाही. स्केलिंग नसेल तर वेग २५० पीपीएमच्या (दहा लाखांत २५० भागांच्या) आत जुळला तरच चालतं. ती केव्हीएमची ठरलेली सूट आहे, टीएससी_टॉलरन्स_पीपीएम या मॉड्यूल पॅरामीटरमध्ये. २५० पीपीएम म्हणजे दिवसाला २१.६ सेकंद, त्यामुळे ही सूट लहान समजू नका. जुळला नाही तर समोरचं क्यूईएमयू फ्रीक्वेन्सी जुळत नाही आणि स्केलिंग नाही असं स्पष्ट सांगतं. ती ओळ दिसली तर तो होस्ट त्या व्हीएमच्या यादीतून काढून टाका.

ऑफसेटचं वेगळं. मायग्रेशननंतर क्यूईएमयू एकेका व्हीसीपीयूचा टीएससी एकामागून एक लिहितं. मधे काही मायक्रोसेकंद जातातच. तसंच ठेवलं तर ८ व्हीसीपीयूंवर ८ वेगळे आकडे होतील. म्हणून केव्हीएम पाहतं: लिहिलेला आकडा आधीच्या व्हीसीपीयूच्या टीएससीपासून एका सेकंदाच्या आत असेल तर 'याला जुळवायचंच आहे' असं धरून दोघांना एकच ऑफसेट देतं.

---

तिफण

थोडं इतर घरांबद्दल, म्हणजे इतर हायपरवायझर आणि प्रोसेसरांबद्दल.

हायपर-व्ही: तिथला कागद म्हणजे 'रेफरन्स टीएससी पेज'. टीएससी × स्केल, ६४ बिट उजवीकडे, अधिक ऑफसेट, आणि उत्तर १०० नॅनोसेकंदांच्या एककात. क्रमांक शून्य असेल तर कागद वापरू नका, एमएसआर (खास रजिस्टर) वाचा असा संकेत. डब्ल्यूएसएल २ (विंडोजमधलं लिनक्स) हायपर-व्हीवरच चालतं, म्हणून तिथल्या क्लॉकसोर्सच्या नावात अनेकदा हायपरव्ही दिसतं.

व्हीएमवेअर: सीपीयूआयडीच्या हेक्स ४०००००१० पानावर टीएससीचा वेग किलोहर्ट्झमध्ये देतं. लिनक्स तो घेतो आणि कॅलिब्रेशन टाळतो.

झेन: टीएससी_मोडमध्ये 'डिफॉल्ट' ठेवलं तर होस्टचा टीएससी विश्वासाचा असेपर्यंत नेटिव्ह, आणि वेगळ्या वेगाच्या, स्केलिंग नसलेल्या होस्टवर गेलं की ट्रॅप. म्हणजे मायग्रेशननंतर सगळं बरोबर पण अचानक हळू झालं तर इथे पाहा. जुन्या कर्नलमध्ये 'झेन' हा क्लॉकसोर्स व्हीडीएसओतून चालत नसे, म्हणून लोक हाताने टीएससीवर जात.

केव्हीएमवर विंडोज गेस्ट: क्लॉक विभागात टायमर हायपरव्हीक्लॉक प्रेझेंट यस, एचपीईटी नो. आत कोणी बीसीडीएडिटने 'यूजप्लॅटफॉर्मक्लॉक' लावून ठेवलं असेल तर ते काढा. त्याने विंडोज टीएससी सोडून बाहेरच्या टायमरकडे जातं, आणि रिकामं बसलेलं गेस्टही सीपीयू खातं.

एआरएम: तिथे हा पसारा कमी आहे. काउंटर पहिल्यापासून सगळ्या कोअरना एकच, हायपरवायझरसाठी ऑफसेटचा रजिस्टर आर्किटेक्चरमध्येच, आणि ८.६ पासून वेग १ गिगाहर्ट्झ ठरवून दिलेला. मात्र फ्रीक्वेन्सीचा रजिस्टर म्हणजे फर्मवेअरने लिहिलेला नुसता आकडा असतो. फर्मवेअरने चूक केली तर सगळी वेळ चुकते.

---

पाणकोंबडा

कोडचा वेग मोजायला गेस्टमध्ये थेट आरडीटीएससी वापरतात. ते चालेल?

---

काटा

चालेल, दोन गोष्टी सांभाळून.

प्रोसेसर सूचना पुढेमागे करतो आणि आरडीटीएससी त्याला अडवत नाही. मोजायचा कोड सुरू होण्याआधीच दुसरं वाचन होऊन बसू शकतं. सुरुवातीला एलफेन्स (सूचनांचा क्रम राखणारी सूचना) मग आरडीटीएससी. शेवटी आरडीटीएससीपी आणि मग एलफेन्स. आरडीटीएससीपी आधीचं काम संपायची वाट पाहतं, पण पुढच्या सूचनांना थोपवत नाही, म्हणून शेवटचा एलफेन्स लागतोच.

दुसरं, व्हीसीपीयू थांबलेला असताना टीएससी थांबत नाही, आणि थांबूही नये. मधेच काही मिलिसेकंदांची उडी दिसली तर तो वेळ होस्टने दुसऱ्याला दिला. टॉपमधल्या 'एसटी' स्तंभाशी ताडा. म्हणून सरासरीपेक्षा किमान आणि मध्यक पाहावा.

---

औदुंबर

एक सुटतंय. टीएससी नीट चालला म्हणजे 'आत्ता किती वाजले' हे बरोबर आलं असं नाही. स्फटिकाचा १ पीपीएम फरक म्हणजे दिवसाला ८६.४ मिलिसेकंद. त्यासाठी क्रोनी (घड्याळ खऱ्या वेळेशी जुळवणारा प्रोग्राम) हवंच. केव्हीएमच्या गेस्टमध्ये पीटीपी_केव्हीएम मॉड्यूल लोड करा आणि क्रोनीच्या कॉन्फिगमध्ये रेफक्लॉक पीएचसी म्हणून /डेव्ह/पीटीपी० द्या. एका हायपरकॉलमध्ये होस्ट त्या क्षणाची वेळ आणि त्याच क्षणाचा टीएससी अशी जोडी देतो, नेटवर्कचा उशीर मधे येतच नाही. पण हेही होस्ट टीएससीवर असेल तरच मिळतं, नाहीतर हायपरकॉल नकार देतो.

आणि हायपरवायझरच्या टूल्समधलं टाइम-सिंक व क्रोनी दोन्ही एकदम चालू ठेवू नका. एका म्यानात दोन तलवारी. एक पुढे ढकलतं, दुसरं मागे ओढतं.

---

रानजाई

आक्षेप मागे घेते, एक वगळून: हे सगळं होस्टवर विश्वास ठेवून आहे. होस्टने ऑफसेट मुद्दाम बदलला तर?

---

दुर्वा

साध्या व्हीएममध्ये गेस्टला ते कळणार नाही. त्यासाठीच एएमडीच्या एसईव्ही-एसएनपीमध्ये (व्हीएमला होस्टपासून सांभाळणारी सोय) 'सिक्युअर टीएससी' आहे. गुणक आणि ऑफसेट सुरुवातीलाच पक्के होतात आणि हायपरवायझरला नंतर बदलता येत नाहीत. इंटेलच्या तशाच टीडीएक्समध्येही गेस्टचा टीएससी टीडीएक्स मॉड्यूलच्या ताब्यात असतो. तिथे केव्हीएम-क्लॉक वापरणं म्हणजे ज्याच्यापासून सांभाळायचं त्यालाच वेळ विचारणं. अशा गेस्टमध्ये टीएससीच पहिला हवा.

---

लोलक

बदल केले. होस्ट टीएससीवरच होता, त्याच्या डीमेसेजमध्ये फर्मवेअरची तक्रार नाही, कॅपॅबिलिटीजमध्ये स्केलिंग यस. गेस्टमध्ये आता अव्हेलेबल यादी: टीएससी, केव्हीएम-क्लॉक, एसीपीआय_पीएम. करंट: टीएससी. कर्नलला कोणताही टीएससीचा शब्द दिलेला नाही. पीजी_टेस्ट_टायमिंग एका वाचनाला २८ नॅनोसेकंद दाखवतं, आणि एक्स्प्लेन ॲनलाइझ लावलेली क्वेरी साध्या क्वेरीच्या आसपास येते. सगळ्यांचे मनापासून आभार.

मायग्रेशननंतर काय पाहू, एवढं सांगा.

---

काटा

गेस्टमध्ये चार गोष्टी. करंट_क्लॉकसोर्स तोच आहे का. डीमेसेजमध्ये टीएससीबद्दल नवी ओळ आली का. पीजी_टेस्ट_टायमिंग तेवढंच आहे का. मायक्रोसेकंदांवर गेलं असेल तर आरडीटीएससी ट्रॅप होतंय किंवा क्लॉकसोर्स बदललाय.

चौथी क्रोनीची. मायग्रेशनच्या आधी क्रोनीसी ट्रॅकिंगमधला 'फ्रीक्वेन्सी'चा आकडा लिहून ठेवा आणि नंतर तासाभराने पुन्हा पाहा. दोन होस्टचे स्फटिक वेगळे, त्यामुळे काही पीपीएम ते काही दशक पीपीएम बदल होणारच, क्रोनी तो शिकून घेतं. बदल शेकड्यात गेला तर स्केलिंग न लागता ती २५० ची सूट वापरली गेली असं समजा आणि त्या होस्टच्या कॅपॅबिलिटीजमधली काउंटर टीएससीची ओळ इथे टाका.